अर्धा स्वयंपाक

मुंबई-पुण्यात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुण माणसाला जेवणाबद्दल दोन बाजूंनी सल्ले मिळत असतात. एक घरून येतो: बाहेरचं खाऊ नकोस, रोज थोडंफार करत जा. दुसरा मोबाइलवर येतो, बरोबर जेवायच्या वेळेला: आज कशाला करता, मागवा, एवढी सूट आहे. पहिला सल्ला पाळायचा तर पोळपाट-लाटण्यापासून मिसळणाच्या डब्यापर्यंत सगळा संसार मांडावा लागतो. दुसरा पाळला की महिनाअखेरीस खिसा आणि पोट दोन्ही कुरकुरायला लागतात. त्यामुळे बहुतेक जण आलटून पालटून दोन्ही करतात. रविवारी उत्साहानं पिशवीभर भाजी आणायची, बुधवारपर्यंत कोथिंबीर काळी पडू द्यायची आणि गुरुवारपासून पुन्हा बिर्याणी मागवायची. मग कोथिंबिरीचा अपराध मनाला लागतो तो वेगळाच. या पुस्तकानं दोन्ही सल्ले बाजूला ठेवले आहेत. शहरात एकट्यादुकट्यानं राहणाऱ्यानं पूर्ण स्वयंपाक करू नये आणि स्वयंपाक पूर्ण सोडूही नये. अर्धा करावा आणि उरलेला अर्धा शहराकडून करून घ्यावा. कुठला अर्धा आपला आणि कुठला शहराचा, एवढं ठरवण्यासाठी पुढची सगळी प्रकरणं आहेत.

शहरातला एकटा जेवणारा माणूस ही काही आयटी कंपन्यांनी आणलेली नवी जमात नाही. पुण्यात शिकायला आलेली गरीब घरची मुलं वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. काही माधुकरी मागत. ही सोय जातीच्या चौकटीतली होती आणि चौकटीबाहेरच्या मुलाला ती नव्हतीच, तेव्हा तिच्याबद्दल फार हळवं होण्याचं कारण नाही. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली आणि पुढच्या दशकांत कोकणातून, घाटावरून हजारो पुरुष बायकामुलांना गावी ठेवून गिरणगावात आले. पाळ्या बदलतील तसे एकाच खोलीत आळीपाळीनं झोपणाऱ्या या माणसांपैकी अनेकांनी स्वतःची चूल कधी मांडलीच नाही. त्यांना चाळीतल्या खाणावळवाल्या बायकांनी महिन्याच्या बोलीवर जेवू घातलं. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज या दोन्हींखाली दबलेल्या या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९८२ च्या गिरणी संपानं त्यांच्या पंगतीच उठवल्या. पण त्याआधीची कित्येक दशकं हे शहर चाललं ते या बायकांच्या भाकरीवर, आणि त्या भाकरीला कुणी ‘बाहेरचं खाणं’ म्हणून नाक मुरडलं नव्हतं.

गिरणगावाबाहेरही थोडंफार हेच होतं. इराण्याच्या हॉटेलात चहा, ब्रून-मस्का आणि आम्लेटवर सकाळ निभत असे. धोबी तलावाजवळचं कयानी १९०४ पासून उभं आहे. दक्षिणेतून आलेल्या एकट्या नोकरदारांना माटुंग्यात केळीच्या पानावरचं जेवण मिळू लागलं आणि १९४२ साली स्टेशनाजवळ सुरू झालेलं रामा नायक यांचं उडिपी बोर्डिंग आजही तसंच वाढतं. पुण्यात १९३५ या एकाच साली लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस आणि डेक्कनवर गुडलक सुरू झालं. एकात वरण-भात, दुसऱ्यात बन-मस्का, आणि पुणेकरांना दोन्हींची गरज होती. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घातला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. नेमका पहिला वडापाव कुणाचा यावर भांडायचं तर खुशाल भांडावं, पण तो लोकप्रिय का झाला याबद्दल वाद नाही: गाडी पकडायच्या घाईतल्या माणसाला एका हातात धरून, उभ्यानं, थोडक्या पैशांत पोट भरता येईल असं काहीतरी हवं होतं. या यादीत घरच्या जेवणाचा एकच खरा प्रतिनिधी आहे, तो म्हणजे डबेवाला. आणि डबेवाल्याच्या सायकलीला लटकलेला प्रत्येक डबा भरायला सकाळी कुणीतरी घरी असावं लागत होतं.

सगळा मुद्दा या ‘कुणीतरी’पाशी येऊन थांबतो. आपण ज्याला घरचं जेवण म्हणतो, म्हणजे पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर आणि शिवाय ताजं लोणचं, ते एका विशिष्ट घराचं जेवण आहे. त्या घरात चार-पाच माणसं आहेत आणि त्यांच्यातली एक बाई दिवसाचा मोठा भाग स्वयंपाकघरासाठी देते. आपली पाककृतींची पुस्तकंही त्याच घरासाठी लिहिली गेली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं १९१० चं पुस्तक कुणासाठी आहे ते ‘गृहिणी-मित्र’ या नावातच आहे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. वाटी-चमच्याच्या मापांमुळे कधी पळी न धरलेल्या मुलीलाही तिनं स्वयंपाकाला उभं केलं. ते ऋण हे पुस्तकही मान्य करतं, कारण इथली मापंही वाटी-चमच्याचीच आहेत. पण तिथंही घरात गोडा मसाला करून ठेवलेला आहे, विरजण लावलेलं आहे, उरलं तर खायला आणखी तोंडं आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देताना दिसल्या, पुरुष ९७ मिनिटं. मुळात असं काम करणारे पुरुषच शंभरात २६ होते, स्त्रिया ८१. पाच तासांच्या या अदृश्य मजुरीवर उभा असलेला स्वयंपाक, सकाळी साडेआठला हिंजवडीची बस पकडणाऱ्या मुलानं किंवा मुलीनं रात्री नऊला येऊन एकट्यानं उभा करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती पुरी होत नाही म्हणून त्या पिढीला आळशी म्हणणं तर त्याहून चुकीचं.

मग काय घरी करायचं आणि काय नाही? याला चवीचा किंवा परंपरेचा निकष लावू नये. हिशेबाचा लावावा. काही पदार्थ असे असतात की एकासाठी करा नाहीतर वीसजणांसाठी, खटपट जवळजवळ तेवढीच. मिसळीचा कट, इडलीचं पीठ, बटाटेवडे, पुरणपोळी हे त्यातले. एका माणसासाठी दोन वडे तळायचे तर कढईभर तेल तापवावं लागतं आणि ते उरलेलं तेल पुढे आठवडाभर काहीतरी तळायला भाग पाडतं. कटाची तर्री वाटीभर करायला गेलं की मसाला करपतो तरी नाहीतर कच्चा तरी राहतो. पोळी थोडी वेगळी, तिथं अडचण हाताच्या सरावाची आहे. कणीक भिजवणं, मुरवणं, लाटणं, भाजणं, ओटा पुसणं, आणि एवढं करून पदरात तीन पोळ्या, त्याही पहिलं वर्षभर नकाशासारख्या. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रात नगावर मऊ पोळी मिळत असताना हा हट्ट कशासाठी? हौस असेल तर जरूर शिकावं, पण रोजचं जेवण त्याच्यावर अडवून ठेवू नये.

याउलट काही पदार्थ एकासाठी करायला अगदी सोपे आहेत आणि बाहेर एक तर मिळत नाहीत, नाहीतर धड मिळत नाहीत. वरण-भात त्यांतला पहिला. तीन लिटरच्या कुकरमध्ये एका भांड्यात डाळ, दुसऱ्यात तांदूळ, तीन-चार शिट्ट्या, आणि वाफ जिरेपर्यंत आंघोळ उरकते. मुगाच्या डाळीची खिचडी, पिठलं, मटकीची उसळ, मेथी किंवा पालकाची परतून केलेली भाजी, काकडीची कोशिंबीर, अंडाभुर्जी हे सगळं अर्ध्या तासाच्या आतलं काम आहे. यात शहर आधीच निम्मं काम करून देतं. मोड आलेली मटकी भाजीवाल्याकडे तयार असते, आणि उपनगरी स्टेशनांबाहेर बसणाऱ्या बायका सोललेले मटार, निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी पिशव्या भरून विकतात. ती पिशवी घेणं म्हणजे फसवणूक नव्हे. भाजी निवडण्यात वीस मिनिटं गेली तर भाजी होतच नाही, हा अनुभव घराघरातला आहे.

या वाटणीमागे आहाराचंही कारण आहे आणि माझ्या मते ते पैशांपेक्षा वजनदार आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाच्या २,००० कॅलरींच्या आहाराचा जो नमुना दिला आहे, त्यात धान्य सुमारे २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि फळं १०० ग्रॅम आहेत. आता शहरातल्या एका सर्वसाधारण दिवसाकडे बघा: सकाळी पोहे, दुपारी कँटीनची पोळी-भाजी, संध्याकाळी वडापाव, रात्री फ्राइड राइस. धान्य भरपूर, तेल आणि मीठ त्याहून भरपूर. डाळ चमचाभर, पालेभाजी शून्य, फळ शून्य. बाहेरचं खाणं विषारी असतं अशी ओरड नेहमी होते, पण खरी अडचण ही की ते एकांगी असतं. हॉटेलवाल्याला पालेभाजी परवडत नाही. ती निवडायला माणूस लागतो, शिजून मूठभर होते, आणि गिऱ्हाईक तिच्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार नसतं. म्हणून बाहेर जे कमी पडतं तेवढंच घरी करावं: डाळ, कडधान्य, पालेभाजी, कच्ची काकडी-गाजरं, फळ, ताक. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम मूगडाळीत चोवीसेक ग्रॅम असतात आणि एका अंड्यात सहा. हा हिशेब घरी सहज जमतो, बाहेर मात्र तो शोधत फिरावं लागतं.

बाहेरच्या खाण्यातही जाऊन खाणं आणि मागवून खाणं यांत फरक केला पाहिजे. झोमॅटोची मूळ कंपनी २००८ साली दिल्लीत निघाली, स्विगी २०१४ साली बेंगळुरूत, आणि एवढ्या थोड्या काळात ‘बाहेरचं’ या शब्दातून बाहेर पडणंच गळून गेलं. मागवलेला पदार्थ बंद डब्यात अर्धा तास तग धरणारा असावा लागतो. त्यात कुरकुरीत डोसा टिकत नाही, गरम वडा टिकत नाही, ताजी भाकरी तर नाहीच. टिकतात ते तेलातुपाचे रस्से, बिर्याणी आणि नूडल्स. म्हणजे आपण काय खायचं हे प्लास्टिकचा डबा ठरवायला लागतो. त्यात सूट मिळवण्यासाठी ठरावीक रकमेची ऑर्डर भरावी लागते, आणि एकटा माणूस ती भरता भरता दोघांचं जेवण मागवून बसतो. २०२३ मध्ये २ रुपयांनी सुरू झालेली प्लॅटफॉर्म फी दोन वर्षांत १० रुपयांच्या पुढे गेली. पोचवण्याचा आकार, पॅकिंग आणि मेनूतली वाढीव किंमत यांचा आकडा निराळाच. उठून चालत गेलं तर तोच डोसा तव्यावरून थेट ताटलीत येतो, समोर चार माणसं दिसतात आणि एवढ्यात भूक भागली हेही कळतं. तेव्हा मागवणं अगदी बंद करा असं इथं म्हटलेलं नाही. पावसात, तापात, रात्री अकराला काम संपल्यावर मागवावं. रोजची सवय म्हणून नको.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते सगळेच पोकळ नाहीत. वेळ नाही हा सगळ्यात मोठा. पण वेळ नेमका कशाला लागतो ते पाहावं. मागवलेलं जेवण यायलाही अर्धा-पाऊण तास जातो आणि कुकर तेवढ्यातच होतो. खरा वेळ आणि त्याहून जास्त उत्साह खर्च होतो तो काय करायचं हे ठरवण्यात, सामान नसल्याचं ऐनवेळी लक्षात येण्यात आणि शेवटी भांडी घासण्यात. पाककृतींची पुस्तकं या तिन्हींबद्दल गप्प असतात. म्हणून इथं पदार्थांच्या आधी सामानाची यादी आहे, आठवड्याला चारच रात्री घरी करायचं असं वेळापत्रक आहे आणि प्रत्येक पदार्थापुढे किती भांडी पडतील तो आकडा आहे. तीनच्या वर भांडी पडणारा एकही पदार्थ घेतलेला नाही. अळूचं फदफदं त्यामुळे बाद झालं, याचं वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: असं अर्धं अर्धं करत गेलं तर स्वयंपाकाची विद्या बुडेल. ही भीती मला उलटी वाटते. विद्या बुडते ती सगळं किंवा काहीच नाही या हट्टानं. जो मुलगा तीन महिने फक्त खिचडी करतो त्याला फोडणी कळते, डाळीला पाणी किती हे कळतं, मीठ कधी घालायचं हे कळतं. पुढं गोडा मसाला आणि भरली वांगी याच पायावर उभी राहतात. आणि मुलगा हा शब्द इथं मुद्दाम योजला आहे. पूर्ण स्वयंपाक हे बाईचं काम राहिलं तोवर पुरुष त्याच्या वाटेला गेले नाहीत. अर्धा स्वयंपाक निदान दोघांच्या आवाक्यातला आहे.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. आपल्या सोयीसाठी पोळ्या लाटणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या बायकांची मजुरी स्वस्त आहे म्हणूनच ही वाटणी जमते ना? हो, बऱ्याच अंशी. पण घरातली तीच मजुरी फुकट होती, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आता निदान तिला दर आहे, आणि तो वाढावा असं ज्याला वाटतं त्यानं घासाघीस न करता तो द्यावा, मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्यावेत आणि डबा नको असेल तर आदल्या दिवशी कळवावं. खाणावळवाल्या कर्जात बुडाल्या त्याला सावकाराइतकीच थकलेली गिऱ्हाइकी कारण होती.

आरोग्याबद्दल दोन गोष्टी झटपट सांगून टाकतो, कारण त्यांत वाद नाही. तळलेलं खायचं तर गर्दीच्या वेळी, गर्दीच्या ठिकाणी खावं. तेल काळपट दिसत असेल किंवा त्याला फेस येत असेल तर पुढे जावं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून कायदेशीर मर्यादा घातली आहे, पण गाडीवर ती मोजायला कुणी उभं नसतं. आणि घरच्या जेवणालाही धोके असतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात काही जिवाणूंचं विष तयार होतं आणि सकाळी फोडणी दिल्यानं ते जात नाही. उरलेला भात पसरून लवकर गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीच संपवावा. फ्रिज नसेल तर उरेल इतका करूच नये.

राहता राहिली ती खोली, जिथं शेगडीच नाही. सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवर किंवा अंधेरीच्या पेइंग गेस्टमध्ये राहणाऱ्यांना मालक इंडक्शनसुद्धा लावू देत नाही, आणि अशांची संख्या थोडी नाही. त्यांच्यासाठी एक पूर्ण प्रकरण बिनशेगडीचं आहे: दही-पोहे, भिजवलेल्या मुगाची कोशिंबीर, चुरमुऱ्यांची भेळ, फुटाणे-दाणे-गूळ, केळं-ताक. रात्री मेसची थाळी असेल तर एवढं पुरतं. ज्यांना गॅस चालतो पण पत्त्याचा पुरावा नाही, त्यांना पाच किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो.

या पुस्तकातली सगळी मापं एका माणसाची आहेत. दोघांसाठी करताना डाळ-तांदूळ दुप्पट घ्या, तिखट-मीठ मात्र दीडपटच घालून आधी चव बघा. पहिल्या महिन्यात खिचडी, वरण-भात, पिठलं आणि एखादी पालेभाजी यांच्या पुढे जाऊ नका, आणि बुधवारी कंटाळा आला तर पुस्तक मिटून खुशाल मिसळ खायला जा.